अडलं होतं ते पायांमुळे नव्हे

"ताई, हे आता कायमचे खाटेवरच का?" मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाच्या घरी गेले की हा प्रश्न उंबऱ्यातच भेटतो. सोलापुरात अशोक चौकाजवळच्या एका घरात तो एका बाईंनी विचारला, विड्यांचं सूप मांडीवरून खाली ठेवत. नवरा यंत्रमागावर चादरी विणायचा. स्लॅबवरून पडला आणि कमरेखालची हालचाल, संवेदना दोन्ही गेल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

व्हीलचेअर कोपऱ्यात, तिच्यावर कपड्यांचा ढीग. आठ महिने तो घराबाहेर पडला नव्हता. येणारा जाणारा 'हिंमत धर' म्हणायचा. पहिल्या भेटीत मीही तेच म्हणाले. ते चुकलंच माझं. दुसऱ्या वेळी बायको आत चहा टाकायला गेली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "चारचौघांत लघवी झाली तर?"

मूत्राशय भरल्याचा निरोप दुखावलेल्या मज्जारज्जूतून मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. यात त्याचा काय दोष? डॉक्टरांच्या सल्ल्याने तो नर्सकडून नळीने लघवी काढायला शिकला, साधारण दर ४ ते ६ तासांनी, हात स्वच्छ धुऊन. खुर्चीत बसल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलायचं, नाहीतर न दुखताच जखमा होतात, हेही शिकला. महिन्याभरात कपड्यांचा ढीग खुर्चीवरून हलला.

मग एक दिवस तो बँकेत गेला. दारात तीन पायऱ्या. "बायकोला पाठवा की," शिपाई म्हणाला. त्या रात्री तो संतापाने झोपला नाही. मला त्या संतापाचं फार बरं वाटलं, कारण आठ महिन्यांत तो पहिल्यांदाच स्वतःवर सोडून दुसऱ्या कशावर तरी चिडला होता. शेजारच्या पोराकडून त्याने पायऱ्या टेपने मोजून आणवल्या: उंची १८ इंच. एक इंच चढायला १२ इंच लांबी, म्हणजे १८ फुटांचा रॅम्प. वहीच्या कागदावर नकाशा काढला, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चा उल्लेख करून अर्ज दिला. तीन स्मरणपत्रं गेली, तेव्हा कुठे रॅम्प झाला. पहिल्या दिवशी त्यावरून एक म्हातारी काठी टेकत चढली, हे तो मला दोनदा सांगत होता.

गेल्या महिन्यात होटगी रस्त्यावरच्या एका घरी मी त्याला सोबत नेलं. अपघात झालेल्या मुलाच्या आईने दारातच तोच प्रश्न विचारला. त्याने खुर्ची मुलाच्या खाटेजवळ नेली, आईला जरा बाहेर थांबायला सांगितलं आणि विचारलं, "लघवीचं कसं करतोस रे?"