'कॅटबर्ड सीट'वर बसणं म्हणजे काय?

प्रश्न असा आलाय की बेसबॉलच्या जुन्या रेडिओ कॉमेंट्रीत बॅटर 'कॅटबर्ड सीटवर बसलाय' असं ऐकू येतं, त्याचा अर्थ काय आणि मराठीत काय म्हणायचं.

थोडक्यात, त्याचं पारडं जड आहे. बेसबॉलमधे पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्याने, चार बॉल ठरलेल्या पट्ट्याबाहेर टाकले आणि बॅटरने सोडून दिले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. समजा तीन बाहेर गेलेत आणि स्ट्राइक (पट्ट्यातून गेलेला किंवा मारायला जाऊन हुकलेला बॉल, असे तीन झाले की बॅटर बाद) एकही नाही, तर आता पिचरला बॉल पट्ट्यात टाकण्यावाचून गत्यंतर नाही आणि बॅटर मात्र निवांत, आवडीचा आला तर मारेल नाहीतर सोडेल, ही कॅटबर्ड सीट.

हे रेडिओवर रुळवलं रेड बार्बरने. मिसिसिपीत जन्मलेला, फ्लोरिडात वाढलेला माणूस, १९३४ पासून सिनसिनाटी रेड्सची कॉमेंट्री केली आणि १९३९ मधे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन डॉजर्स टीमकडे आला. त्याआधी पाच वर्षं न्यूयॉर्कच्या तिन्ही टीम्सनी आपसात ठरवून रेडिओ बंद ठेवलेला, घरबसल्या मॅच ऐकायला मिळाली तर तिकीट कोण काढणार ही भीती, त्यामुळे ब्रुकलिनच्या घराघरात बेसबॉल पोचला तो याच्या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या संथ बोलीतून. मैदानावर भांडण झालं की तो 'रूबार्ब' म्हणायचा, तोही शब्द लोकांनी उचलला.

कॅटबर्ड हा मांजरासारखा आवाज काढणारा राखाडी पक्षी. पण बार्बरला हा वाक्प्रचार मिळाला पोकरच्या, म्हणजे पैसे लावून खेळायच्या पत्त्यांच्या डावात, हे त्यानेच सांगितलंय. हा पैसे वाढवत राहिला आणि हरला, तेव्हा समोरचा म्हणाला की मी पहिल्यापासूनच कॅटबर्ड सीटवर होतो. पैसे मोजून घेतलेला शब्द, मग वापरायला लागला! पुढे १९४२ मधे अमेरिकन विनोदी लेखक जेम्स थर्बरच्या कथेचं नावच ते झालं.

आणि बार्बरची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तो समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचा, वाळू संपली की उलटं करायचा आणि स्कोअर सांगायचा, कारण कोणीतरी आत्ताच रेडिओ लावलेला असतो. अशा माणसाला स्कोअरवरून मॅच कळते, आणि 'कॅटबर्ड सीट' एवढं ऐकलं की या क्षणी कोण वरचढ आहे तेही कळतं.

मराठीत 'पारडं जड' किंवा 'वरचढ' चालेल. 'नशीब जोरावर' मात्र नको, पोकरमधल्या त्या माणसाला आपल्या हातात काय आहे ते आधीपासून माहीत होतं.