झाकण लावायच्या आधीची वीस मिनिटं

अरे,

स्लो कुकरमधला बीफ स्ट्यू फसल्याचा तुझा मेसेज वाचला आणि फोटो पण बघितला, वर तेलाचा तवंग, खाली राखाडी गोळे आणि बटाटे अजून कच्चेच. एवढं वाईट वाटून घेऊ नकोस. कुकर पण खराब नाहीये, विजेवर तासन् तास मंद शिजवणारं भांडं आहे ते, परत नेऊन देऊ नकोस. तू काय केलंस, पाकिटातलं ग्राउंड बीफ, म्हणजे खिमा, तसंच्या तसं भांड्यात ढकललंस, वरून बटाटे, वरून टोमॅटोचा डबा, आणि लॅबला निघून गेलास. स्लो कुकरच्या पाकिटावर पण असंच लिहिलेलं असतं, सगळं टाका आणि विसरा, पण खिम्याच्या बाबतीत ते चालत नाही, आणि का चालत नाही ते एकदा नीट कळलं की पुढे मला विचारायची पण गरज पडणार नाही.

बघ, स्लो कुकर हे मुळात कडक मांसासाठी बेस्ट. खांद्याचा तुकडा असतो ना, चक म्हणतात तो, त्यात चिवट तंतू असतात ते मऊ व्हायला तासन् तास लागतात. खिमा तर मशीनमधून निघालेलाच आहे, त्याला मऊ व्हायचं काही शिल्लकच नाही. म्हणजे तुझ्या भांड्यात आठ तास नक्की कोणाला हवेत, तर बटाट्याला आणि गाजराला. खिमा नुसता सोबतीला बसलेला असतो. आणि झाकण बंद असल्यामुळे आतली वाफ आतच फिरते, त्यामुळे काहीच भाजलं जात नाही, रंग येत नाही, वास येत नाही. जी काय चव आणायची ती आधी पॅनमध्ये आणायची, कुकर फक्त ती सांभाळतो.

आता खरेदी. तू नेमकं ९३/७ वालं उचललंस, ते महाग. पाकिटावरचे आकडे म्हणजे पहिला मांसाचा टक्का, दुसरा चरबीचा. स्ट्यूसाठी ८०/२० घे, कारण आपण चरबी तशी पण काढूनच टाकणार आहोत आणि चव त्याच्यात जास्त असते. ७३/२७ अजून स्वस्त दिसतं, ते प्लास्टिकच्या नळीत येतं बघ, पण परतल्यावर इतकं आटतं की बचत गेली कुठे असं होतं. शेल्फवरच्या लेबलवर बारीक अक्षरात पाउंडामागचा भाव लिहिलेला असतो, मोठा आकडा बघू नकोस, तो बारीक बघ. फॅमिली पॅक बहुतेक वेळा पाउंडाला स्वस्त पडतं, घरी आणून पाउंड पाउंडाच्या झिपच्या पिशव्या करायच्या आणि हाताने दाबून चपट्या करून फ्रीजरमध्ये टाकायच्या, चपट्या असल्या की आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये ठेवल्या तर सकाळपर्यंत सुटतात. गोठलेला दगड थेट स्लो कुकरमध्ये मात्र कधीच टाकायचा नाही, तो इतका हळू गरम होतो की मधले कित्येक तास जंतूंची चंगळ होते. इथलं, अमेरिकेचं, कृषी खातं ४० ते १४० फॅरनहाइटला डेंजर झोन म्हणतं, ते त्याच्यासाठीच.

बीफ स्वस्त राहिलेलं नाही हे पण खरंय, २०२५ च्या जूनमध्ये ग्राउंड बीफचा देशभरातला सरासरी भाव पाउंडाला ६ डॉलरच्या वर गेला. म्हणून एका पाउंडात सहा-सात जेवणं काढायची, आणि ती बटाटा, गाजर, कोबी, बीन्स यांच्या जोरावर. बटाटे पाच पाउंडाची पिशवी घे, गाजरं साधी न सोललेली, ती बेबी गाजरं नकोत, उगाच सोलण्याचे पैसे. ब्रॉथचा, म्हणजे मांस उकळून काढलेल्या पाण्याचा, खोका पण घेऊ नकोस, त्यात बहुतेक पाणीच असतं, त्याच्या सुक्या वड्या मिळतात त्या घे, क्यूब म्हणतात. मिरी, तमालपत्र, जिरं अमेरिकन दुकानातल्या छोट्या बाटलीत घेणं म्हणजे लुटून घेणं, ते इंडियन नाहीतर मेक्सिकन दुकानातून पिशवीत घे. माझा अंदाज, सगळं धरून बारा-तेरा डॉलर होतात, म्हणजे ताटाला दोन डॉलर, आणि कॅम्पसवरचं सँडविच कितीला ते तुला माहितीये. विजेचं विचारलं होतंस, तर हा कुकर साधारण दोनशे वॉटच्या आसपास खातो, आठ तासात दीड-दोन युनिट, ओव्हनपेक्षा खूपच कमी.

आता पॅन. हाच भाग नीट वाच, बाकीचा वरवर वाचलास तरी चालेल.

मोठा पॅन चांगला तापव, तेल घालायची गरज नाही. खिमा टाक, उलथन्याने पसरव आणि मग हात मागे घे. लगेच ढवळायला लागायचं नाही. पहिले चार-पाच मिनिटं पाणी सुटतं आणि पॅनमधून खदखद असा ओला आवाज येतो, मांस राखाडी दिसतं, आणि सगळे इथेच फसतात, त्यांना वाटतं झालं. झालेलं नसतं. थांब. पाणी आटलं की आवाज बदलतो, तडतड सुरू होतं, म्हणजे आता ते स्वतःच्या चरबीत तळलं जातंय. बुडाला गडद ब्राऊन खपली धरायला लागते आणि किचनमध्ये तो वास सुटतो. आता उलट, फोड, अजून दोन-तीन मिनिटं दे. गोळे राहिले तर राहू दे थोडे, एकदम भुगा केलास तर स्ट्यूमध्ये वाळूसारखा लागतो.

आपल्याकडे खिमा करताना हा तेलाचा प्रकार एवढा जाणवत नाही त्याचं कारण पण आहे. महाराष्ट्रात गाय आधीपासूनच बंद होती, २०१५ पासून बैल पण बंद झाला, त्यामुळे जे मोठ्याचं मिळतं ते म्हशीचं, आणि त्यात चरबी कमी. इथलं ८०/२० म्हणजे पाचवा हिस्सा नुसती चरबी. ती पॅन तिरका करून एखाद्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ओत, चमचा-दोन चमचे पॅनमध्ये ठेव. सिंकमध्ये ओतू नकोस बाबा, गार झाली की पाइपात मेणासारखी बसते आणि मग अपार्टमेंटवाले मेंटेनन्सचं बिल तुझ्याच नावावर फाडतात. डब्यात थिजू दे, मग कचऱ्यात.

खिमा बाजूला काढ, त्याच पॅनमध्ये एक मोठा कांदा, कांद्याला रंग आला की चार-पाच लसूण पाकळ्या ठेचून, मग दोन टेबलस्पून टोमॅटो पेस्ट. पेस्ट लालभडक असते ती विटेच्या रंगावर येईपर्यंत परत, नाहीतर डब्याचा कच्चट आंबट वास शेवटपर्यंत जात नाही. मिरपूड, थोडी थाइम आणि हवं तर अर्धा चमचा जिरेपूड याच वेळी तेलात पडू दे. मग अडीच कप गरम पाणी ओत आणि बुडाला चिकटलेलं सगळं खरवडून काढ. हे खरवडलेलं पाणी म्हणजेच तुझा ब्रॉथ, त्यात दोन क्यूब विरघळव. मीठ आत्ता घालू नकोस, क्यूब खारट असतात, शेवटी चाखून घाल.

भांड्यात रचायचा पण क्रम आहे. आच बाजूंनी आणि खालून येते म्हणून बटाटे-गाजरं तळाला, वर खिमा, वर ते पाणी. चार मध्यम बटाटे, इंचभराचे तुकडे, तीन-चार गाजरं, सेलरी असली तर असली. टोमॅटोचा डबा सगळ्यात शेवटी वरून ओत आणि ढवळू नकोस, कारण आंबटामुळे बटाटा लवकर शिजत नाही, तुझे कच्चे राहिले त्याचं एक कारण ते आणि दुसरं म्हणजे तू बटाटे वर ठेवले होतेस. भांडं अर्ध्यापेक्षा कमी नको आणि दोन-तृतीयांशच्या वर नको. पाणी कमी वाटेल तुला, भाज्या पाणी सोडतात आणि झाकणातून काही उडून जात नाही, तेव्हा वाढवू नकोस.

कुकरचं बटण लोवर ठेवलंस तर सात-आठ तास, हायवर चार. लो आणि हाय दोन्ही शेवटी जवळपास एकाच गरमीला पोचतात, लोला तिथे जायला वेळ जास्त लागतो एवढंच. वॉर्मवर शिजवायचं नाही, ते शिजलेलं गरम ठेवायला असतं. आणि झाकण उघडून बघू नकोस सारखं. मला माहितीये मोह होतो, पण एकदा उघडलं की गेलेली गरमी परत यायला वीस-तीस मिनिटं जातात.

शेवटच्या अर्ध्या तासात एक डबा बीन्स निथळून धुऊन घाल, पंधरा मिनिटं राहिली की कपभर फ्रोझन मटार. पातळ वाटलं तर कॉर्नस्टार्चच्या नादी लागण्याआधी चार-पाच बटाट्याच्या फोडी कडेला दाबून कुस्कर, रस्सा मस्त आळतो. चव अर्धवट वाटली तर वूस्टरशर सॉसचे दोन-चार थेंब घाल असं इथले लोक सांगतात. त्या सॉसमध्ये चिंच असते! तुझ्याकडे चिंचेचा कोळ असेलच, अर्धा चमचा तो आणि चमचाभर सोया सॉस, काम झालं, बाटलीचे पैसे वाचले.

बीन्सचं एक मात्र डोक्यात ठेव. सुका राजमा स्वस्त पडतो म्हणून कच्चाच कुकरमध्ये टाकशील तर आजारी पडशील. राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते जोरात उकळल्याशिवाय मरत नाही आणि स्लो कुकर तेवढा जोर धरेलच असं नाही. भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळून मगच टाकायचा. डब्यातला शिजलेलाच असतो, त्याला काही नाही. गंमत म्हणजे हा कुकर काढला तोच बीन्ससाठी. शिकागोचे अर्व्हिंग नॅक्सन म्हणून इंजिनियर होते, लिथुआनियातून आलेलं ज्यू कुटुंब, आजीच्या गावात शनिवारच्या सब्बाथसाठी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, चोलंट नावाचा बीन्स-मांसाचा स्ट्यू शुक्रवारी बेकरीच्या निवत्या भट्टीत रात्रभर ठेवायचे, ती गोष्ट आईकडून ऐकलेली, त्यावरून भांडं बनवलं आणि १९४० ला पेटंट मिळालं. पुढे १९७० मध्ये आपली कंपनी रायव्हल नावाच्या कंपनीला विकली आणि १९७१ पासून तेच क्रॉकपॉट नावाने घराघरात गेलं.

पैसे अजूनच कमी असतील त्या महिन्यात अर्धाच पाउंड खिमा घे आणि अर्धा कप अख्खा मसूर टाक, पाणी कपभर वाढव. परतलेल्या खिम्यात मसूर असा मिसळतो की फार फरक कळत नाही. मला तर खरं सांगू, हाच जास्त आवडतो.

सकाळी घाई असते म्हणतोस, तर पॅनचं सगळं आदल्या रात्री उरक. पण खिमा पूर्ण शिजव, अर्धा कच्चा परतून फ्रीजमध्ये ठेवायचा प्रकार नको. मध्ये १६० फॅरनहाइट हवं, नुसत्या रंगावर जाऊ नकोस, थर्मामीटर दहा-पंधरा डॉलरला मिळतो. चिरलेली भाजी वेगळ्या डब्यात, बटाटे पाण्यात बुडवून. सकाळी रच, आणि पाणी गरम करून ओत. फ्रीजमधलं गार सिरॅमिक भांडं थेट तापलेल्या बेसवर ठेवू नकोस, तडकतं.

उरलेलं दोन तासांच्या आत उथळ डब्यात काढून फ्रीजमध्ये. अख्खं भांडं उचलून आत ठेवलंस तर मधलं रात्रभर कोमटच राहतं. तीन-चार दिवस टिकतं. त्यापुढचं फ्रीजरमध्ये टाक, पण त्यातले बटाटे काढून खाऊन टाक, गोठून सुटलेला बटाटा रवाळ होतो. गरम करायचं ते गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये चांगली वाफ येईपर्यंत, परत स्लो कुकरमध्ये नाही.

आता रूममेटचं. बीफ खायचं का नाही, घरी सांगायचं का नाही, हा तुझा प्रश्न आहे, मी त्यात पडणार नाही. पण तिघातला एक खात नाही म्हणालास ना, मग कॉमन पॅनमध्ये परतू नकोस. स्वतःचा एक पॅन आणि एक उलथनं घे, थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, पाच-सहा डॉलरला मिळून जाईल. फ्रीजमध्ये डबा खालच्या खणात, वर टेप लावून नाव आणि तारीख. आणि त्याला सरळ सांग, लपवाछपवी करू नकोस, वासावरून कळतंच आणि मग भांडण बीफवरून होत नाही, सांगितलं नाहीस म्हणून होतं. परतताना खिडकी उघड, एक्झॉस्ट लाव. तो घरी नसेल ती वेळ निवडलीस तर अजूनच बरं.

पुढच्या वेळी फोटो पाठवशील तो झाकण लावायच्या आधीचा, पॅनचा पाठव. आणि कुकर किती क्वार्टचा (क्वार्ट म्हणजे लिटरपेक्षा थोडं कमी) आहे ते कळव, मी वर दिलेलं सगळं सहा क्वार्टचं आहे, तुझा चारचा असेल तर भाज्या आणि पाणी एक-तृतीयांशने कमी कर.

काकू

ता.क. तिसऱ्या दिवशी तेच तेच खाऊन कंटाळा आला तर उरलेला स्ट्यू पॅनमध्ये कोरडा होईपर्यंत आटव, चमचाभर कांदा-लसूण मसाला घाल, वर कच्चा कांदा आणि लिंबू, बर्गरच्या पावाला बटर लावून शेक आणि त्यात भर. पावांचं आठाचं पाकीट घेतलंस तर उरलेले फ्रीजरमध्ये टाक.