युरिया फेकायचा, गाडायचा की ठिबकमधून सोडायचा?

प्रश्न: ऊस तुटून दहा दिवस झालेत, काळी जमीन, पाचट (उसाचा वाळला पाला) रानातच ठेवलंय. निम्म्या खोडव्याला (तुटलेल्या बुडख्यांतून परत फुटणाऱ्या उसाला) पाटपाणी, निम्म्यात यंदा ठिबक टाकलंय. आजवर युरिया-डीएपी हातानं फेकत आलो. शेजारी म्हणतात पहारीनं द्या, पोरगा म्हणतो सगळं ठिबकमधून सोडू. मजूर मिळेना, काय करू?
– एक वाचक, ता. वाळवा

उत्तर: दादा, आधी ते पाचटावर फेकणं थांबवा. पाचट कुजवायला हेक्टरी 80 किलो युरिया टाकतात ते वेगळं, पण उसाचा डोस म्हणून वर फेकलेला युरिया दवानं नुसता ओला होतो आणि त्याचा अमोनिया होऊन उडून जातो, त्यात आपली काळी चुनखडीची जमीन म्हणजे अजूनच जास्त. 45 किलोच्या गोणीत नत्र (नायट्रोजन) असतं जेमतेम 20.7 किलो, त्यातलं वाऱ्यावर किती सोडायचं तुम्हीच बघा!

पाटपाण्याच्या रानात शेजाऱ्यांचं ऐका. वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, पहारीनं बुडख्यापासून 10-15 सेंमी लांब, तेवढंच खोल भोक पाडायचं, दोन भोकांत 30 सेंमी अंतर, खत टाकून पायानं माती दाबायची. ऊस तुटल्यापासून पंधरा दिवसांत सरीच्या एका बाजूला, दुसरा हप्ता साधारण 130 दिवसांनी समोरच्या बाजूला. डीएपीतलं स्फुरद (फॉस्फरस) जमिनीत जागचं हलत नाही, मुळाजवळ पडलं तरच उपयोग, त्यामुळे ते फेकणं तर मला कधीच पटलं नाही. मजुरी लागते हे खरंय, पण एक जण पहार मारणारा आणि मागं एक खत टाकणारा, घरच्या दोघांत होतं हे काम.

ठिबकबद्दल पोरगा बरोबर बोलतोय, फक्त "सगळं" हा शब्द काढा. युरिया आणि पांढरा पोटॅश नीट विरघळवून, गाळून, थोडं थोडं करून सोडा, नत्राचा सगळ्यात चांगला वापर तिथंच होतो. डीएपी आणि सुपर फॉस्फेट मात्र ठिबकच्या खतटाकीत नको. मी एकदा डीएपी रात्रभर भिजत घालून वरचं निवळ पाणी सोडलं होतं, आठवड्यात निम्मे ड्रीपर बंद, मग सुई घेऊन सऱ्यांत बसलो. ते खत ठिबकच्या रानातही पहारीनंच द्या. आणि कॅल्शियम नायट्रेट कधी वापरलंत तर फॉस्फेट-सल्फेटवाल्या खतात मिसळू नका, टाकीत दही होतं. आधी साधं पाणी, मग खत, शेवटी 15-20 मिनिटं परत साधं पाणी.

मजूर अजिबातच नाही मिळाला तर पाटपाण्याच्या रानात निदान युरिया तरी पाणी द्यायच्या अगदी तोंडावर टाका, पाचट बाजूला सारून, आणि पाणी हलकं द्या, सरी तुडुंब भरली की तोच युरिया मुळांच्या खाली निघून जातो.