चालू व्यावसायिक नाटकात रिप्लेसमेंट म्हणून भूमिका मिळते आहे. नोकरी सोडून घ्यावी का?

भूमिका घ्या. नोकरीचं नंतर बोलते, आधी तुम्ही प्रश्नात जाता जाता लिहिलेल्या वाक्याबद्दल. मित्र म्हणतात, 'रिप्लेसमेंटला कोण विचारतं, मूळ नटाची सावली ती.' हे मी अर्धं आयुष्य ऐकत आले आहे आणि ते साफ चूक आहे.

१९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी 'नटसम्राट'मधले बेलवलकर उभे केले. पुढे तीच भूमिका दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी केली. कुणाचे बेलवलकर सरस, यावर जुनी प्रेक्षकमंडळी अजून हिरिरीने भांडतात. सावल्यांवरून कुणी असं भांडतं का?

माझं सांगते. दोन अंकी कौटुंबिक नाटक होतं. सून करणाऱ्या बाईंना मालिका मिळाली आणि शूटिंगच्या तारखा प्रयोगांशी जुळेनात. व्यवस्थापकांचा मला फोन आला तेव्हा शनिवारी गडकरी रंगायतनला प्रयोग लागलेला होता, बुकिंगही उघडलं होतं. संहिता आणि रेकॉर्डिंग एकदमच हातात आलं. दिग्दर्शक म्हणाले, "तिचं जसंच्या तसं उचल. लाइट तिच्या जागांवर बांधलेत." जागांचं मला मान्य होतं, प्रकाशाबाहेर उभं राहून कुणाचं भलं होत नाही. पण रेकॉर्डिंग मी जागा समजण्यापुरतं पाहिलं आणि संहिता घेऊन बसले.

तालमीला सगळे एकत्र कधी आलेच नाहीत. सासऱ्यांचं काम करणारे ज्येष्ठ नट शूटिंगला, त्यांची वाक्यं बॅकस्टेजचा मुलगा म्हणायचा. त्याला अख्खं नाटक पाठ होतं. कपाटाचा कुठला खण अडकतो, दुसऱ्या अंकातल्या ब्लॅकआउटमध्ये सोफा सरकवतात म्हणून डाव्या विंगेतूनच का निघायचं, हे सगळं त्यानेच शिकवलं. कपडेपट सांभाळणाऱ्या ताईंनी आदल्या रात्री बसून सगळे ब्लाउज उसवून सैल केले. या दोघांचं नाव जाहिरातीत कधीच येत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिते आहे.

दुसऱ्या अंकात सून नवऱ्याचं पत्र वाचते. आधीच्या बाई तिथे ओक्साबोक्शी रडायच्या आणि हमखास टाळी घ्यायच्या. संहितेत मात्र रडण्याचा शब्द नाही. 'पत्राची घडी करते' एवढंच, आणि मग सासऱ्यांना चहाचं विचारणं. मी घडी केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि चहाचं विचारलं. प्रेक्षागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. प्रयोगानंतर रंगपटात दिग्दर्शक सगळ्यांसमोर म्हणाले, "टाळी घालवलीस." सासरे झालेले नट मेकअप पुसता पुसता म्हणाले, "आज पहिल्यांदा मला हिला उत्तर द्यावं लागलं. इतके दिवस मी टाळी थांबायची वाट बघत होतो." कामाची खरी पावती मला तिथे मिळाली.

मालिका संपल्यावर त्या बाई परत आल्या. मुंबई-पुण्याचे शनिवार-रविवार त्यांना आणि अकोला, नांदेड, सावंतवाडीचे दौरे मला, अशी वाटणी झाली. नाईट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, निम्मी, आणि जाहिरातीत फोटो त्यांचाच. दारावर लोक त्यांचं नाव घेऊन विचारायचे आणि आत मी रंगून बसलेली. निर्माते म्हणायचे, 'तिकीट तिच्या नावावर खपतं.' खपत असेल. पण त्या संध्याकाळी रंगमंचावर जी उभी राहणार, तिचं नाव लपवून तिकीट विकणं ही प्रेक्षकाची फसवणूक आहे.

म्हणून होकार देण्याआधी बोलून घ्या. सगळ्या सहकलाकारांसह, लाइट लावून एक तरी पूर्ण तालीम मागा. कुठले प्रयोग तुमचे, हे ठरवून घ्या. जाहिरातीत नाव हवंच. नाईट प्रयोग संपल्यावर त्याच दिवशी हातात पडली पाहिजे, 'पुढच्या प्रयोगाला एकत्र देतो' हे ऐकून घेऊ नका.

नोकरी सोडू नका, निदान इतक्यात नाही. नाट्यगृहांच्या तारखा काही महिन्यांपुरत्याच वाटतात, त्यापलीकडचं निर्मात्यालाही सांगता येत नाही. प्रयोग नाही तर नाईट नाही. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली आणि मधले काही महिने सोडले तर ऑक्टोबर २०२१ पर्यंत पडदा वर गेला नाही. निव्वळ नाईटवर जगणाऱ्यांचं काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे. शनिवार-रविवारचे प्रयोग नोकरी सांभाळून होतात. दौऱ्यांसाठी मात्र रजा लागेल, साहेबांना आत्ताच सांगून ठेवा.

एक राहिलं. तुमचं नाटक फार्स असेल तर माझं वरचं सगळं जरा बाजूला ठेवा. तिथे दुसऱ्यांच्या एन्ट्र्या तुमच्या थांब्यांवर लटकलेल्या असतात, सुरुवातीचे प्रयोग आधीच्या नटाच्या मोजमापानेच करावे लागतात. पण गंभीर नाटक असेल आणि संहितेत रडायचं लिहिलेलं नसेल, तर केवळ आधीची बाई रडायची म्हणून रडू नका. दिग्दर्शक टाळीचा जाब विचारायला आले तर संहितेचं ते पान उघडून समोर ठेवा. मी ठेवलं होतं. त्या जागेबद्दल ते पुन्हा एक शब्द बोलले नाहीत.