गणित सोडायचा अर्ज देऊ नका

ताई, नमस्कार.

देवगडहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक अकरावी सायन्सला आहे, आरएनएवरच्या रासायनिक खुणांवर संशोधन करायचं म्हणते आणि ‘जीवशास्त्रात गणित कशाला’ म्हणून गणित सोडायचा अर्ज देणार आहे. घरच्यांना वाटतं नर्सिंग किंवा फार्मसी करावी. हा विषय आहे तरी काय, आणि त्यावर पोट भरतं का, असं तुम्ही विचारलंत.

तुमची आंब्याची कलमं आहेत, म्हणून पेटीवरूनच सांगते. आत हापूसच, पण वरचा मार्का बघून ठरतं, कुठली पेटी आज वाशीला जायची आणि कुठली थांबायची. पेशीत डीएनएवरून आरएनएचा निरोप उतरतो, तेव्हा त्याच्या अक्षरांवर काही एन्झाइम अशाच खुणा करतात. पुष्कळदा ती खूण म्हणजे एक इवलासा मिथाइल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. दुसरी प्रथिनं ती वाचतात, आणि त्या निरोपावरून प्रथिन बनवायचं की तो लवकर मोडीत काढायचा, हे ठरतं. काही खुणा पुसणारे एन्झाइमही आहेत! १९५१ साली यातली पहिली खूण सापडली, स्यूडोयुरिडिन नावाचं बदललेलं अक्षर. आज अशा १७०हून अधिक खुणा माहीत आहेत. अशा खुणा असलेला आरएनए रोगप्रतिकारक पेशींना फारसा चिडवत नाही, हे कारिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं. कोविडच्या एमआरएनए लसी त्यावर उभ्या राहिल्या आणि २०२३ चं नोबेल त्या दोघांना मिळालं. लेकीला याचं वेड लागलं असेल तर मला फार आनंद आहे.

पण ही खूण शोधायची कशी? मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंचं वजन मोजून, नाहीतर सिक्वेन्सिंगच्या, म्हणजे अक्षरं क्रमाने वाचण्याच्या, ढीगभर आकड्यांतून. म्हणजे रसायन आणि गणितच. पुण्याच्या आयसरची, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेची, प्रवेशपरीक्षाही तेच सांगते: ६० प्रश्न, त्यांत १५ गणिताचे. तिथे पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे, पदवी आणि पदव्युत्तर एकत्र. नाही जमलं तर रत्नागिरीत रसायनशास्त्रात बीएस्सी करून जॅम या प्रवेशपरीक्षेतून आयआयटीत एमएस्सी करता येते.

पैशांचं स्पष्ट सांगते. वाट लांब आहे. पीएचडीला नेट परीक्षेतून जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. कायम नोकरी त्यानंतर. घरात लवकर पगार हवा असेल तर फार्मसी, नर्सिंग उत्तमच, त्यात कमीपणा नाही. तो हिशेब तिच्यासमोर बसून करा.

आयसरची परीक्षा साधारण मे-जूनमध्ये, आंब्याच्या हंगामातच येते. पुढच्या वर्षी त्या दिवसांत पेट्या भरायच्या कामातून तिला मोकळं ठेवा.