सीईटीत ६१ पर्सेंटाइल आले, आता पुढे काय करू?

प्रश्न : ताई नमस्कार, मी सांगलीची, बीकॉम झालंय, एका सीएंच्या ऑफिसमध्ये कामाला आहे. यावर्षी एमबीएची सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) दिली, कॅटची (आयआयएमच्या प्रवेश परीक्षेची) जाडजूड पुस्तकं आणून सहा महिने अभ्यास केला पण ६१ पर्सेंटाइलच आले, म्हणजे शंभरातल्या ६१ जणांच्याच पुढे. शेवटचे तीसेक प्रश्न तर बघायचेच राहिले. परत द्यायचीय, पण घरचे म्हणतात एजंटकडून मॅनेजमेंट कोट्यातली (कॉलेज स्वतः भरतं ती) सीट घे आणि मोकळी हो. नोकरी सोडून पुण्यात क्लास लावू का? शाळा मराठी मीडियमची, त्यामुळे इंग्लिशची भीती आहेच.

उत्तर : अगं, ते तीस प्रश्न! तुझं पत्र वाचताना मी तिथेच अडकले. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाहीये, उत्तर चुकलं तरी काही कापत नाहीत, मग कोरे का सोडलेस? प्रत्येकाला चार-पाच पर्याय असतात, न वाचता टिक केले असतेस तरी सरासरीने निदान सहा मार्क आले असते, आणि ६०-७०च्या पट्ट्यात इतकी गर्दी असते की सहा मार्कांनी पर्सेंटाइल चांगलंच हलतं. मला वाटतं ही सवय तुला कॅटच्या पुस्तकांनी लागली. तिथे पर्यायवाला प्रश्न चुकला की एक मार्क जातो, म्हणून माहीत नसेल तर हात लावायचा नाही असं शिकवतात, तिथे ते बरोबरच आहे. पण कॅटमध्ये तीन सेक्शन, प्रत्येकाला ४० मिनिटं, प्रश्न थोडे आणि अवघड. सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. तू मेहनत कमी केली नाहीस, वेगळ्याच परीक्षेची केलीस.

आता पेपर कसा विभागलाय ते बघ. २०० पैकी ७५ प्रश्न लॉजिकल रीझनिंगचे, २५ आकृत्यांचे, ५० गणिताचे आणि ५० इंग्लिशचे. म्हणजे अर्धा पेपर रीझनिंग आणि आकृत्यांचा, त्यात मराठी मीडियम की इंग्लिश मीडियम याने फार फरक पडत नाही, बँकेच्या परीक्षांचा सराव केलेली मुलं इथे भराभर सोडवतात कारण सीटिंग अरेंजमेंट, नातेसंबंध, सिलॉजिझम (दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढायचा) सगळं त्याच धाटणीचं असतं. आकृत्या तर रोज वीस मिनिटं केल्या तरी महिन्याभरात डोळा बसतो, सुरुवात तिथूनच कर.

आणि नवीन पुस्तक घेण्याआधी एक पूर्ण मॉक (सराव परीक्षा) दे, घड्याळ लावून, मधे न उठता. मग वही घेऊन प्रत्येक प्रश्नापुढे लिही : येत होता आणि चुकला, येतच नव्हता, की येत होता पण वेळ फार गेला. तिसऱ्या रकान्यात सगळ्यात जास्त सापडतील बघ. मी पहिल्यांदा दिली तेव्हा एका गोल टेबलाच्या अरेंजमेंटवर दहा मिनिटं घालवली होती, सुटलं पण, आणि त्या दहा मिनिटांत पुढचे किती सोपे प्रश्न गेले ते घरी आल्यावर कळलं, फार वाईट वाटलं होतं. दोन मिनिटांत जागा पक्क्या झाल्या नाहीत तर अंदाजाने टिक करून पुढे जायचं, हे अंगवळणी पडायला पंधरा-वीस मॉक तरी लागतात.

गणितात वेग हवा. जुन्या लोकांना पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीडचे पाढे) तोंडपाठ असायची ना, तसंच ३० पर्यंतचे वर्ग आणि १/७ म्हणजे १४.२८ टक्के वगैरे अपूर्णांक पाठ कर. ऑफिसात जीएसटीचे आकडे येतात ते आधी मनात कर, मग कॅल्क्युलेटर.

नोकरी सोडू नकोस. रोज दोन तास आणि रविवारी मॉक, एवढं पुरतं. क्लास हवाच असेल तर ऑनलाइन टेस्ट सिरीज घे, पुण्यातली खोली आणि मेसचे पैसे वाचतील.

एजंटच्या बाबतीत मात्र घरच्यांशी स्पष्ट बोल. मॅनेजमेंट कोट्यातली सीट घेतलीस की कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) येणाऱ्यांना फीची जी सरकारी सवलत मिळते ती गेली, आणि एजंटला दिलेल्या पैशाची पावती कोण देणार? कॉलेजशी थेट बोलल्याशिवाय एक रुपया कुणाच्या हातात ठेवू नका.

इंग्लिशसाठी रोज एक अग्रलेख वाच, मोठ्याने, आणि मग तो आईला मराठीत सांग. ती मधे थांबवून "म्हणजे काय?" विचारेल तिथेच तुला तो कळलेला नसतो, तेवढा भाग परत वाच.