गरम गाडी सुरू व्हायला त्रास देते, तेव्हा

प्रश्न : माझ्याकडे २०१२ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे. सकाळी ती पहिल्या चावीला सुरू होते. मात्र ऊन वाढल्यापासून पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाट ओलांडून चहासाठी पंधरा-वीस मिनिटे थांबले, की निघताना सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, आणि कधीकधी गाडी सुरूच होत नाही. तासाभराने तीच गाडी काही न करता सुरू होते. आतापर्यंत प्लग आणि बॅटरी बदलून झाली. आता फ्युएल पंप बदलायला सांगितले आहे. गॅरेजमध्ये मात्र हा दोष एकदाही दिसलेला नाही. पंप बदलावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : एवढ्यात बदलू नका. पंप दोषी असू शकतो, पण आपण लिहिलेल्या लक्षणांत बसणारी आणखी किमान दोन कारणे आहेत, आणि त्यांतले एक पंपापेक्षा पुष्कळ स्वस्तात दुरुस्त होते. दोष गॅरेजमध्ये दिसत नाही, कारण गाडी तिथे पोहोचून तपासणीला लागेपर्यंत इंजिन निवलेले असते. म्हणून गाडी अडेल त्या दहा मिनिटांत आपण स्वतः काय पाहता, यावर या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे.

पहिली गोष्ट सेल्फच्या आवाजाची. इंजिन जड, रेंगाळत फिरत असेल, तर दोष पेट्रोलचा नसून विजेचा आहे : बॅटरीचे सैल टर्मिनल, इंजिनपासून बॉडीला जाणारी गंजलेली अर्थिंगची पट्टी, किंवा गरम झाल्यावर जाम होणारी सेल्फची मोटर. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब ९.६ व्होल्टच्या खाली जात नसेल आणि तरीही इंजिन हळू फिरत असेल, तर बॅटरी निर्दोष आहे असे समजून वायर आणि सेल्फ तपासून घ्यावेत. तुमच्या पत्रावरून मात्र इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते पण पेट घेत नाही, असे वाटते.

तसे असेल, तर गाडी उभी राहिल्यावर बोनेटखाली काय घडते ते समजून घेणे उपयोगाचे आहे. इंजिन बंद होताच कूलंटचे फिरणे थांबते आणि रेडिएटरवरून जाणारी हवाही थांबते. त्यामुळे साधारण ९० अंशांवर असलेल्या इंजिनातली उष्णता वर चढते आणि पुढची पंधरा-वीस मिनिटे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या आसपासचा भाग गाडी चालू असतानापेक्षाही जास्त तापतो. पेट्रोलमधले हलके घटक साधारण ३५ ते ४० अंश सेल्सियसलाच उकळू लागतात. पेट्रोलच्या नळीत दाब टिकून असेल तर ते द्रवरूपात राहतात. दाब उतरला तर त्यांची वाफ होते, आणि इंजेक्टरमधून पेट्रोलऐवजी वाफ जाते. (जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत हाच त्रास वारंवार होई, आणि घाटातले चालक बोनेटखालच्या फ्युएल पंपावर ओले फडके ठेवून तो दूर करत. ती युक्ती अगदी शास्त्रशुद्ध होती.)

याची चाचणी सोपी आहे. पुढच्या वेळी गाडी अडली, की लगेच सेल्फ मारू नका. चावी फक्त ‘ऑन’पर्यंत फिरवा, दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा, असे तीन वेळा केल्यावर सेल्फ मारा. दर वेळी पंप क्षणभर चालून नळीत दाब भरतो. एवढ्याने गाडी चटकन सुरू झाली, तर बंद गाडीत दाब टिकत नाही हे जवळपास निश्चित झाले. तो उतरतो पंपाच्या एकदिशा झडपेतून किंवा ठिबकणाऱ्या इंजेक्टरमधून. इंजेक्टर ठिबकत असेल तर पेट्रोलचा वास येतो, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यास गाडी सुरू होते, कारण बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत तसे केल्यावर इंजिनावर नियंत्रण ठेवणारा संगणक पेट्रोल तोडतो आणि भिजलेले सिलिंडर मोकळे होतात.

चावीच्या या चाचणीने काहीच फरक पडला नाही, तर सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे पाहा. तो जरासा हलायला हवा. पुष्कळ गाड्यांत तो शून्यावर निपचित राहिला, तर क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरत असल्याचे संगणकाला कळवणाऱ्या सेन्सरवर, संशय घ्यावा. या सेन्सरमधली बारीक तारेची गुंडाळी तापल्यावर तुटक होते आणि निवल्यावर पुन्हा जुळते. इंजिन फिरते आहे हेच संगणकाला कळले नाही, तर ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही बंद राहतात. तासाभराने ‘काही न करता’ सुरू होणे या दोषाशी फार जुळते, आणि माझा पहिला संशय यावरच आहे.

कूलंटचा तापमान सेन्सर बिघडून गरम इंजिनाला थंड दाखवत असेल, तर संगणक जादा पेट्रोल सोडतो. तेव्हाही वास येतो आणि ॲक्सिलरेटर दाबल्याने फायदा होतो. गाडी अडलेली असताना स्कॅनर लावल्यास हे आकड्यातच दिसते.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट विसावा द्या. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका, आणि तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका.

गॅरेजमध्ये जाताना निरीक्षणे लिहून न्या, आणि गाडी तीसेक किलोमीटर पळवून गरमच न्या. फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) दाबमापक लावून गाडी बंद करायला सांगा आणि वीस मिनिटे तिथेच थांबा. काटा खाली आला आणि इंजेक्टर कोरडे निघाले, तर पंप बदला.